याडीचं गोंदण मी पुसलं

"या बुढीच्या सुरकुत्या अजून वर काढ," साहेब म्हणाले. "गरीब दिसली पाहिजे ना! ही तर कोणाच्या लग्नाले आल्यासारखी दिसून राह्यली."

ते माझ्या खुर्चीमागं उभे होते. समोर कॉम्प्युटरवर त्यांचाच फोटो. ब्लँकेट देऊन राह्यले, पण तोंड कॅमेऱ्याकडं. ब्लँकेटचं दुसरं टोक धरून जी बुढी उभी होती, ती माझी आई होती.

माझी याडी. आम्ही गोर, म्हणजे बंजारा लोक, आईले याडी म्हणतो.

मी तवा ढाणकीत एका फोटो स्टुडिओत कामाले होती. मालकाले सारे चाचा म्हणत. फोटो साफ करायचं काम चाचानंच शिकवलं मले. नवरीच्या गालावर ब्रश फिरवायचा, गाल मऊ. डोळे, पापण्या, नथ शार्प. कुठं धार ठेवायची अन् कुठं मारायची, एवढंच ते काम. पण हात लागते त्याले. माझा हात चांगला होता. गिऱ्हाईकं म्हणत, त्या पोरीकडूनच करून द्या. मले लय गर्व होता त्याचा, खोटं कायले सांगू.

साहेब म्हणजे आमच्या भागातल्या एका मोठ्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या वाढदिवसाले आमच्या तांड्यावर ब्लँकेट वाटले होते. त्याचा फ्लेक्स चौकात लागणार होता. याडीले ब्लँकेट नकोच होतं. आमचं चार एकर शेत आहे, घरात तिच्या हातच्या गोधड्यांची चळत आहे. पण तांड्याच्या नायकानं साऱ्या बाया रांगेत उभ्या केल्या, तर तीही उभी राह्यली. फोटो निघणार म्हणून तिनं आरशांची चोळी घातली. सणाची. अन् घरी आल्यावर मले म्हणे, "तो फोटो तुह्याच दुकानात येईल ना? मोठा करून आण. भिंतीवर लावू." तिचा एकटीचा असा मोठा फोटो कधी निघालाच नव्हता.

"हे आरसे मार," साहेब म्हणाले. "भपका वाटते."

मी मारले. एकेक आरसा मऊ करत गेली, शेवटी चोळी नुसती मळकट कापड दिसाले लागली.

"आता कपाळ शार्प कर. गालही. हां! अन् हनुवटीवर काळं काय आहे ते? घाण दिसून राह्यली. पूस."

घाण नव्हती ती. गोंदण होतं. तीन ठिपके. आमच्या बाया मानतात, मेल्यावर दागिने इथंच काढून घेतात, सोबत फक्त गोंदण येते. याडी लहान असताना तिच्या आईनं तिचं डोकं मांडीत दाबून ते गोंदवून घेतलं होतं. तिची आई गेली, तिचं काहीच उरलं नाही. हे तीन ठिपके तेवढे उरले.

साहेब, ही माझी आई आहे. एवढंच बोलायचं होतं. नाही निघालं. मी ढाणकीत शुद्ध बोलायची, नीटनेटकी राहायची. चाचा सोडले तर मी तांड्यावरची आहे हे कोणाले माहीत नव्हतं. मले लाज वाटली. साहेबांची नाही, आईची लाज वाटली. लिहाले जड जाते, पण तेच खरं आहे.

मी पुसलं. तीन वेळा माऊस दाबला, झालं. मग साहेबांचं लोंबतं गालफड मऊ केलं, डोळे शार्प केले. घाईघाईत त्याच फाइलवर सेव्ह मारलं. आधी कॉपी काढ, मग हात लाव, हे चाचानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी इसरली. खरा फोटो गेला तो गेलाच.

"वा! हात आहे पोरीचा," साहेब म्हणाले.

बाजाराच्या दिवशी याडी तांड्यातल्या बायांसंगं ढाणकीले आली. मी तिले घ्याले चौकात गेली. फ्लेक्सखाली साऱ्या उभ्या. एकजण तोंडाले पदर लावून हसून राह्यली होती. याडी वर पाहून म्हणाली, "ई कुण छ?" म्हणजे, ही कोण आहे?

मग तिले स्वतःच्या बांगड्या ओळखू आल्या. तिनं हळूच हनुवटीले हात लावला. सुरकुत्यांचं एक अक्षर बोलली नाही. म्हणे, "माझं गोंदण कुठं गेलं गं?"

"कॉम्प्युटरनं होते तसं, याडी. मशीन आहे ते."

"हो बाप्पा, मशीनले काय समजते," ती म्हणाली. तिनं मशीनले माफ करून टाकलं.

आठ दिवस मी ते खोटं तसंच ठेवलं. मग एका दुपारी चुलीपाशी सांगून टाकलं. मशीननं नाही, मी पुसलं. ती भाकर थापत होती. थांबली. म्हणे, "तुले तर माहीत होतं." बस, एवढंच. रडली नाही, शिवी नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तवापासून कोणी मोबाइल वर केला की ती तोंडावर ओढणी ओढून घेते. मी केला तरी.

दिवाळीच्या आधी साहेब परत आले. दुसऱ्या तांड्यावर साड्या वाटल्या होत्या. फोटोत एक म्हातारी, तिलेही गोंदण, कपाळावर.

"मागच्यासारखंच कर," ते म्हणाले.

"नाही करत."

"काहून?"

"मागच्या फ्लेक्सवरची बाई माझी आई होती. मी तिले भिकारीण केलं. आता नाही."

साहेब हसले. म्हणाले, "अगं, मग तवाच सांगायचं ना! तुह्या आईले चांगली दाखवली असती."

खरं सांगते, तवा माझे डोळे उघडले. इतके दिवस मीही तेच समजून राह्यली होती, की आपली आई म्हणून वाईट झालं. म्हणजे दुसऱ्या कोणाची असती तर मी गुमान पुसलं असतं. आधीही किती जणींचं पुसलं असेल मी, डाग समजून.

"हीसुद्धा कोणाची तरी आई आहे," मी म्हणाली अन् उठली.

चाचा खाली पाहत होते. म्हणाले, "मेरे को दुकान चलानी है, बेटा." मी त्याहीले दोष दिला नाही. चप्पल घातली अन् निघाली.

आता उमरखेडले एका खोलीत माझं स्वतःचं काम आहे. ज्याचा चेहरा आहे त्याले समोर बसवते, विचारते, मगच ब्रश उचलते. काही गिऱ्हाईकं चिडून निघून जातात. जाऊ द्या. याडीनं मले माफ केलं नाही, अन् मी मागितलीही नाही माफी. तिच्या भिंतीवर फोटो नाही, तो आता कधी लागणारही नाही. ते मले भोगायचं आहे. पण माझ्या हातानं यापुढं कोणतीच बाई भिकारीण होणार नाही.