शेरूचा लाल टॅग

आमच्या शेजारचे काका भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले, तरी घर अजून तिथल्या वर्कशॉपसारखंच चालवतात. चहाला उशीर झाला की काकूंना विचारतात, "ब्रेकडाउन कावून झाला?"

त्यांच्या कुत्र्याला, शेरूला, फिट्स येतात. त्यावरच्या गोळ्यांनी यंदा त्याच्या रक्तातल्या प्लेटलेट्स घटल्या आणि पोटावर लाल ठिपके उठले. डॉक्टरांनी गोळी बदलली, म्हणाले, "रक्त सुधरेपर्यंत याला जरासुद्धा लागू देऊ नका."

दुरुस्ती चालू असलेल्या मशीनवर लावतात तसा लाल टॅग काकांनी त्याच दिवशी शेरूच्या पट्ट्याला बांधला. ‘काम चालू है, हाथ न लगाएं.’ खाली स्वतःची सही. गल्लीतली पोरं शेरूला लांबूनच हाका मारू लागली.

मागच्या महिन्यात रिपोर्ट नॉर्मल आला. काकू टॅग सोडायला गेल्या, तर काका म्हणाले, "ज्याची सही, त्यानंच काढाव. रूल हाय."

"मंग काढा ना."

"काढतो. घाई काय हाय?"

नोकरीत आपला टॅग कधी एक मिनिटही जास्त राहिला नाही, हे त्यांनी मला कितीदा तरी ऐकवलंय. काल शेरू भेटला. टॅगवरची सही पुसट झाली होती, ती काकांनी नव्या पेनानं गिरवली होती.