हिरडीचा रंग

डॉक्टर निर्मलाबाई गोठ्यात आल्या की आधी जनावरापुढे उकिडव्या बसायच्या. मालकाचं ऐकणं नंतर. जनावराचा ओठ वर करून अंगठ्याने हिरडी दाबायच्या, सोडायच्या आणि बघत राहायच्या. दाबलेली पांढरी जागा झटकन गुलाबी झाली की उठायच्या. उमापुरात गुरांच्या दवाखान्यात बाई डॉक्टर पहिल्यांदाच आली होती. "हिला काय जमतंय?" म्हणणारे पुष्कळ होते. त्यावर त्या म्हणायच्या, "मालक खोटं बोलंल. हिरडी न्हाई बोलत."

आमची शेळी चारा सोडून बसली, जबड्याखाली सुजली, तेव्हा शेजारणीने दृष्ट काढायला सांगितलं. बाईंनी ओठ उचलून आईला दाखवला. हिरडी वेचलेल्या कापसासारखी पांढरी. "आक्का, पोटात जंत हायत. रगत पितेत तिचं." औषध पाजून गेल्या आणि मग न बोलावताही येत राहिल्या. हिरडीवर लाली दिसली त्या दिवशी आईइतक्याच खूष झाल्या.

आईने चहा ठेवला. उठताना तिने भिंत धरली. बाईंनी ते पाहिलं.

"आक्का, इकडं या. ओठ वर करा बरं."

"कावून? मी काय शेळी हाय?" आई पदर तोंडाला लावून हसली.

बाई हसल्या नाहीत. पाहून म्हणाल्या, "मी माणसांची डॉक्टर न्हाई. पण ह्या रंगाची शेळी मी अशी सोडून गेले नसते. चला."

आईला स्कूटीवर मागे बसवून त्यांनी थेट गेवराईला सरकारी दवाखान्यात नेलं. मी मागून जीपने गेले. आईच्या अंगात रक्त फार कमी होतं. रक्ताची पिशवी चढत असताना ती बाईंना हळूच सांगत होती, कितीतरी महिने अंगावरून जात होतं, लाज वाटायची, कुणाला बोलले न्हाई. मी दारात उभी राहून ऐकत होते. बाई तिच्या पायावर हात ठेवून म्हणाल्या, "जनावराला बोलता येत न्हाई म्हणून मी हाय. तुमाला तर तोंड दिलंय ना देवानं?"

उपचार झाले, आई सावरली. पुढच्या वर्षी बाईंची बदली विदर्भात झाली. निरोप द्यायला आम्ही गेवराईच्या स्टँडवर गेलो. आईने ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गाडी लागल्यावर बाई म्हणाल्या, "आक्का, दुखलं-खुपलं तर सांगत जा."

"तुमी चालल्या. आता कुणाला सांगू?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही हाय की."

परतीच्या जीपमध्ये आई मला चिकटून बसली. मग तिने माझा हात मांडीवर घेतला आणि तिला कुठे कुठे दुखतं ते हळू आवाजात सांगू लागली. उमापूर आलं, तरी तिचं सांगून झालं नव्हतं. आम्ही उतरलो आणि पारावर बसलो.