ताई, मामा आणि दोन मिलिमीटर

टायरच्या दुकानात रागावलेलं गिऱ्हाईक शिरलं की कारागिरांना एकदम कामं आठवतात. एक जण हवेची नळी गुंडाळायला घेतो, दुसरा आधीच घट्ट असलेले नट पुन्हा आवळत बसतो, आणि धाकटे मालक फोन कानाला लावून मागच्या दाराने बाहेर पडतात. फोनवर पलीकडे कुणी नसतं, हे दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मग काउंटरमागून ताई उठतात, पदर खोचतात आणि म्हणतात, "चला, आधी गाडी बघू."

एकोणीस वर्षं हे असंच चाललंय. कागदोपत्री त्या बिलं करायला लागल्या होत्या. पण पहिल्याच महिन्यात एका गृहस्थांनी काउंटरवर मूठ आपटली, आणि ताईंनी त्यांना पाणी देऊन, ऐकून घेऊन, हसत हसत घरी पाठवलं. तेव्हापासून तक्रारी म्हणजे ताई, हे ठरूनच गेलं. कारागीर त्यांना पाठीमागे 'बंब' म्हणतात. आग लागली की धावणारा तो बंब. ताईंना हे माहीत आहे आणि मनातून आवडतंही. घरी त्यांचे यजमान मात्र म्हणतात, "सगळ्या गावाची माफी मागतेस, माझी कधी मागितलीस?" त्यावर ताई म्हणतात, "तुमच्याबाबतीत माझी चूक झाली की मागेन." ती अजून झालेली नाही.

त्यांची पद्धत ठरलेली होती. काउंटरवर उभं राहून तक्रार ऐकायची नाही. गिऱ्हाइकाला गाडीपाशी न्यायचं आणि चाकाशेजारी उकिडवं बसवायचं. उभ्या माणसाचा आवाज चढतो आणि बसलेल्याचा आपोआप उतरतो, असं त्यांचं मत. शिवाय पन्नाशीच्या माणसाला उठताना गुडघे दगा देतात, ताई हात पुढे करतात, आणि ज्या बाईचा हात धरून उठलो तिच्यावर पुन्हा ओरडायचं कसं, हा प्रश्न भल्याभल्यांना पडतो.

खाली बसलं की ताई चाकावरचा ओरखडा बोटाने चाचपून बघत. फूटपाथचा ओरखडा आखूड, खरबरीत, कुणीतरी कुरतडल्यासारखा. मशीनचा बारीक, आणि काठाने गोल फिरलेला. फूटपाथचा असला तर त्या इतकंच विचारत, "परवा गाडी कुणाकडे होती हो?" मग नवरा बायकोकडे बघे, बायको नवऱ्याकडे, आणि ते भांडण दुकान सोडून त्यांच्या घरी जाई. पण मशीनचा असला, तर ताई दुसरा शब्द बोलत नसत. "आमच्याकडून झालंय. माफ करा. आम्ही नीट करून देऊ."

आमच्याकडून. कुणाकडून, ते कधीच नाही. तक्रारवहीत तारीख, गाडी, कुठलं चाक, कसला ओरखडा, सगळं सुवाच्य अक्षरात असे, पण कारागिराचा रकानाच नव्हता. याला कारण होतं. विशीत ताई एका कचेरीत टायपिंग करत. एकदा एका पत्रात आकडा चुकला, तर साहेबांनी त्यांना तीसजणांसमोर उभं करून ते पत्र मोठ्याने वाचायला लावलं. ती दुपार त्या विसरल्या नाहीत. आपल्या हातात असेतोवर कुणाचं नाव पुढे येऊ द्यायचं नाही, हे त्यांनी ठरवलं आणि पाळलं. कारागीर त्यांच्यासाठी जीव टाकत. आणि तरी, एवढ्या चांगल्या नियमाच्या आडच एक गोष्ट तीन वर्षं लपून बसली होती.

एका मंगळवारी सकाळी दातांचे डॉक्टर आले. गाडी नवी, चाकं चकचकीत, आणि चारी चाकांना काठाने पातळ गोल चरा. आदल्या दिवशीच टायर बदलून नेले होते. डॉक्टर ओरडले नाहीत, तेव्हाच ताईंना कळलं की हे प्रकरण सोपं नाही. सांगायच्या आधीच ते उकिडवे बसले आणि खिशातून छोटी बॅटरी काढून त्यांनी चऱ्यावर मारली.

"आमच्याकडून झालंय," ताई म्हणाल्या. "माफ करा. आम्ही नीट..."

"ते तुम्ही कराल, दिसतंयच. मला कसं झालं ते बघायचंय," डॉक्टर म्हणाले. "एका दातावर काम करताना शेजारचा खरवडला गेला, तर मी नुसतं सॉरी म्हणून पेशंटला घरी पाठवत नाही. का झालं ते शोधतो. नाहीतर उद्या पुन्हा होणार."

एकोणीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. ताईंची जरा पंचाईतच झाली. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यापलीकडे गिऱ्हाइकाने यायचं नाही असा नियम होता, तो मोडून त्यांनी डॉक्टरांना आत मशीनपाशी नेलं.

मशीनवर मामा होते. तीस वर्षं त्यांनी त्या मशीनवर काढलेली. दुकान लावलं मोठ्या मालकांनी, पण चालवलं मामांच्या हातांनी, असं जुनी गिऱ्हाइकं म्हणत. टायर रिमवर बसताना दोनदा फटाक् असा आवाज होतो. मामा पाठ करून चहा पीत असले तरी तो आवाज ऐकून सांगत, "एका बाजूला अजून बसला नाही, पुन्हा हवा मार." आणि ते खरं निघे.

"मामा, या साहेबांना जरा काम दाखवा," ताई म्हणाल्या.

मामा खुलले. एक जुनं चाक त्यांनी मशीनवर आडवं ठेवलं, जबड्यांत पकडलं आणि वरून चोचीसारखं डोकं खाली आणलं. टायर सोडवताना हे डोकं रिमच्या काठाजवळ असतं आणि खाली चाक फिरतं. दोन्हींमध्ये दोन मिलिमीटरची फट ठेवावी लागते. ती मोजायचं काही यंत्र नाही. डोळ्यांनी बघायची आणि खटका दाबून डोकं तिथेच पक्कं करायचं.

"ही बघा, दोन मिलिमीटर," मामांनी खटका दाबत म्हटलं. "तीस वर्षांत मोजपट्टी लावलेली नाही."

डॉक्टर खाली वाकले. ताईही वाकल्या. फट नव्हती. डोकं थेट रिमवर टेकलं होतं. चाक तसंच फिरलं असतं तर गोल चरा उमटलाच असता. डॉक्टरांनी मान वर करून मामांकडे बघितलं. मामा हसत होते. वाकलेल्या डॉक्टरांकडे नाही, तर डॉक्टर मघाशी जिथे उभे होते तिथे, भिंतीवर टांगलेल्या करड्या शर्टाकडे बघून.

ताईंनी डॉक्टरांना हळूच बाहेर नेलं.

बाहेर गाडीपाशी डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "मोतीबिंदू असणार. डोळे हा माझा विषय नाही, पण एवढं कळतं. आणि हे काही आजचं नाही."

"तुमची चाकं आठवड्यात नव्यासारखी करून देते."

"ती द्याच," डॉक्टर म्हणाले. "पण त्यांचं काय?"

डॉक्टर गेल्यावर ताईंनी तक्रारवही उघडली आणि पानं मागे मागे चाळली. काठाने गोल चरा. पुन्हा काठाने गोल चरा. आधीच्या सोळा वर्षांत असे चार, आणि गेल्या तीन वर्षांत अकरा. अकरा वेळा त्यांनी 'आमच्याकडून झालंय' म्हटलं होतं, आणि एकदाही मागे वळून 'कुणाकडून' असं विचारलं नव्हतं. कारागिराला वाचवलं म्हणून त्या समाधानाने घरी जात होत्या, आणि मामा आणखी थोडे आंधळे होत होते. ताईंना स्वतःचा मनस्वी राग आला.

राग येऊन चालणार नव्हतं. धाकट्या मालकांच्या मनात मामांना फाटकावर बसवायचं कधीपासून होतं. आलेल्या गाड्यांना नंबराचे कागद द्यायचे, बस्स. मशीनवर कुणी तरुण आणायचा. मामा एकदा ताईंना म्हणाले होते, "फाटकावर बसवलं तर मी घरी बसेन. आणि घरी बसलो तर फार दिवस बसणार नाही." मामी जाऊन चार वर्षं झाली होती. मामांच्या घरात त्यांच्याशी बोलायला रेडिओशिवाय कुणी नव्हतं.

दुपारी डबे उघडले तेव्हा ताई मामांशेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी आडवळण न घेता सांगून टाकलं. वहीतल्या अकरा नोंदी. रिमवर टेकलेलं डोकं. सगळं.

मामांनी डबा बंद केला. "तूसुद्धा?" म्हणाले. "मालकाने पढवलं का तुला?"

"मला कोण पढवणार? मी बघितलं, मामा. भिंतीवरच्या शर्टाकडे बघून हसत होता तुम्ही."

मामांनी बंद डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मला माहितीये गं. सकाळी धुकं असतं तसं दिसतं, आणि ते दिवसभर हटत नाही. मी हातांवर भागवतो."

"मग डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"डोळ्यात सुई घालतात म्हणे."

"टायरमधून बोटाएवढे खिळे उपटता तुम्ही!"

"टायर ओरडत नाही," मामा म्हणाले आणि दोघंही हसले. हसू ओसरल्यावर मामांनी खरं काय ते सांगितलं. "सुईचं काही नाही. रजा मागितली की मालक कारण विचारणार. कारण कळलं की फाटक."

ताई उठल्या आणि थेट धाकट्या मालकांच्या खोलीत गेल्या. त्यांचा चेहरा बघून मालकांनी घाईघाईने फोन कानाला लावला.

"ठेवा तो. त्यावर कुणी नाही," ताई म्हणाल्या.

मालकांनी मुकाट्याने फोन ठेवला. ताईंनी वही त्यांच्यापुढे उघडली आणि अकराच्या अकरा नोंदी दाखवल्या. चूक मामांची जितकी तितकीच माझी, मी एकदा विचारलं असतं तर दुसऱ्याच वेळी कळलं असतं, असं साफ सांगितलं. मग मामांसाठी दोन महिन्यांची रजा मागितली, आणि परत आल्यावर त्यांचं मशीन त्यांनाच मिळावं, हेही मागितलं.

मालक काही वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कटकट नको असायची. त्यांनी कपाळाला आठ्या घालून वही दोनदा वाचली. "आल्यावर माझ्यासमोर चार चाकं," ते शेवटी म्हणाले. "एक जरी चरा दिसला तर फाटक. आणि तेव्हा तुम्ही मध्ये पडायचं नाही."

ताईंनी मान डोलावली. दुसरं हातात काय होतं?

दातांच्या डॉक्टरांची चाकं ताईंनी स्वतः रंगाऱ्याकडे नेली आणि त्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतली. चाकं न्यायला आलेल्या डॉक्टरांनी ती बॅटरी मारून बघितली, समाधानाने हुंकार भरला आणि डोळ्यांच्या एका डॉक्टरांचा पत्ता काउंटरवर ठेवून ते गेले. मामांच्या डोळ्यांची दोन ऑपरेशनं महिन्याच्या अंतराने झाली. दोन्ही वेळा ताई दवाखान्यातल्या बाकावर बसून होत्या, आणि दोन्ही वेळा यजमानांनी घरून सगळ्यांसाठी डबा आणला. पहिल्या वेळी आत जाताना मामा नर्सला म्हणाले, "काठाला चरा नको हं पडायला." नर्सला काही कळलं नाही, पण ताईंचा जीव जरा हलका झाला.

परीक्षेच्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. धाकट्या मालकांनी चाकं कुठली द्यावीत, तर स्वतःच्या नव्या गाडीची. त्यात दुष्टपणा होता की भरवसा, ते त्यांचं त्यांनाच माहीत. दुकानातलं सगळं काम थांबलं. ताई पिवळ्या पट्ट्याशी उभ्या राहिल्या आणि पाठीमागे हात घट्ट धरून ठेवले, कारण मध्ये पडायचं नाही असं कबूल केलं होतं.

मामांनी पहिलं चाक आडवं ठेवलं. डोकं खाली आणलं, वाकून बघितलं, जरा वर घेतलं, पुन्हा बघितलं. पूर्वी हे काम ते क्षणात उरकत. आता त्यांनी इतका वेळ घेतला की मालकांनी दोनदा घड्याळात बघितलं. मग खटका दाबला. चाक फिरलं. दुसरं फिरलं, तिसरं फिरलं. चौथ्याच्या वेळी ताईंनी डोळे मिटून घेतले.

मालक स्वतः उकिडवे बसले आणि प्रत्येक रिमच्या काठावरून नख फिरवत गेले. चारी चाकं झाली. उठायला त्यांना मामांनीच हात दिला.

"मशीन तुमचंच आहे," मालक म्हणाले आणि या खेपेला पुढच्या दाराने बाहेर गेले.

कारागिरांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी चहा सांगितला. मामा हात पुसत वळले तर समोर ताई. खिडकीतून पडलेल्या उन्हात त्या उभ्या होत्या. मामा त्यांच्याकडे बघतच राहिले, इतके की ताईंनाच संकोच वाटला.

"काय झालं मामा?"

"दवाखान्यात डोळ्यांना पट्टी होती, नंतर काळा चष्मा," मामा म्हणाले. "आज तुला नीट बघतोय. केस कधी पिकले गं तुझे?"

"तीन वर्षं होत आली."

मामांचा हात पुसता पुसता थांबला. तीन वर्षं ते रोज सकाळी या बाईला 'काय ताई' म्हणत होते, रोज तिच्याशेजारी डबा खात होते. ताईंच्याही ते लक्षात आलं. इतकी वर्षं परक्यांपुढे सहज म्हटलेले शब्द आता बाहेर यायला तयार होईनात.

"माफ करा मामा," त्या कशाबशा म्हणाल्या. "मी कधी विचारलंच नाही."

"मी तरी कुठे सांगितलं," मामा म्हणाले. त्यांनी पुन्हा एकदा ताईंच्या केसांकडे नीट बघून घेतलं. "छान दिसतात," म्हणाले, आणि पुढच्या गाडीचं चाक उचलायला गेले.