आईचं शिलाई मशीन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी गोलगोल बोलून सुटत आलो — प्रभू, माझी पापं तुला ठाऊक आहेत. त्याला ठाऊक आहेत, म्हणजे मला उच्चारायला नकोत. काय सोय केली होती मी!

आमच्या परळच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. शेत आता कुणाचंच नाही, पण पहिलं आणि उत्तम ते देवाला द्यायचं, ही रीत गावाकडून आलेली. कुणी भोपळा आणतं, कुणी कोंबडी, कुणी घरचा केक. उपासना झाली की आवारात त्यांचा लिलाव होतो. मी तेव्हा कमिटीत नवा होतो. माझी नारळांची पिशवी दर वर्षी टेबलाच्या कडेला पडून राहायची. मला वाटायचं — लिहितानाही ओकारी येते — आपलंही नाव एकदा घेतलं जावं.

त्या वर्षी सणाच्या थोडं आधी आई गेली. शेवटच्या संध्याकाळी तिच्याजवळ मी एकटा होतो. धाकटी बहीण शालू औषध आणायला खाली गेली होती. खिडकीशी आईचं पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं. चाळीतल्या पोरींचे नाताळचे फ्रॉक त्यावर शिवून तिने आम्हाला वाढवलं. शालू शिवायला शिकली तीही त्यावरच.

आई म्हणाली, "मशीन शालूला. सांग तिला, तिचा हात माझ्यापेक्षा बरा आहे."

स्पष्ट म्हणाली. तापात बरळली असं म्हणायला जागाच नाही.

आणि मी शालूला काय सांगितलं? की मशीन देवाला द्यावं, ही आईची शेवटची इच्छा.

 ती म्हणाली, "आईच ती. दुसरं काय सांगणार!" तिने मशीन पुसलं, तेल घातलं, नवा पट्टा बसवला. मी खाटेवर बसून बघत होतो. एक शब्द पुरला असता — नाही का?

सणाच्या दिवशी पाळकसाहेब शुभवर्तमानातल्या त्या विधवेबद्दल बोलले, जिने होतं नव्हतं ते दानपेटीत टाकलं. उरलेल्यातून देणं वेगळं, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवारात लिलाव पुकारणारे मार्टिनकाका ओरडत होते, "अरे बोला, बोला! देवाच्या दारात भाजीवालीसारखी घासाघीस काय करता?" लोक हसले. मीही हसलो. एकाने सुनेसाठी मशीन नेलं, टाळ्या वाजल्या, आणि मी मान खाली घातली. नम्रपणे! त्या खाली घातलेल्या मानेची मला आज जितकी किळस येते, तितकी त्या खोट्याचीही येत नाही.

मी काय दिलं होतं? शालूचं उचललं, मेलेल्या आईच्या तोंडी खोटं घातलं आणि ते अर्पण म्हणून वेदीपुढे नेऊन ठेवलं. त्या दिवशी जिचं खरंच काही गेलं, ती शालू. ती मागच्या बाकावर बसून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

आता ती करी रोडला एका दुकानात दुसऱ्याच्या मशीनवर साड्यांना फॉल लावते. तेही एक वेळ सोडा. गेल्या नाताळात घरी आली होती. माझ्या मुलीच्या फ्रॉकची उसवलेली शिवण हातात घेऊन अचानक म्हणाली, "दादा, मी वाईट शिवायचे का रे? आईने एकदासुद्धा बरं म्हटलं नाही बघ."

मी काय म्हणालो असेन?

"चहा घे, गार होतोय."

तिने घेतला.

मशीन कुठे आहे, मला माहीत नाही. पण आईने शेवटी जे सांगितलं, ते अजून माझ्याकडेच आहे. ते शालूचं आहे. मी तिला ते दिलेलं नाही.