टाकी वढंल का?

जुनी गाडी घेतलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. गाडी बंद पडली की एक, चालू झाली की दुसरा. आमच्या दूध सोसायटीनं बहात्तरच्या दुष्काळात एक जुनी जीप घेतली आणि ती पुढं सात-आठ वर्षं टिकली. अजूनही चार जण चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "सेक्रेटरी, ते जीपचं सांगा." मी सांगतो. लोक हसतात आणि हसता हसता मध्येच गप्प होतात, त्याला माझा इलाज नाही.

आमचं गाव उमरगा तालुक्यातलं. चेअरमन शिवलिंगअप्पा, धंदा बैलांचा. घरात कानडी, बाहेर मराठी आणि डोकं फिरलं की बाहेरही कानडी. महेबूबभाईनं हैदराबादच्या रस्त्यावर पंधरा वर्षं ट्रक चालवलेला, म्हणून गाडीतलं कळणारा तो एकटा. कांबळे गुरुजी प्राथमिक शाळेत मास्तर आणि बौद्ध वस्तीतून सोसायटीवर आलेले एकमेव डायरेक्टर. मी सेक्रेटरी, म्हणजे बोलायचं कमी, लिहायचं जास्त.

जीप कशाला हवी होती? होतं-नव्हतं ते दूध उमरग्याला पोचवायला, कारण बैलगाडीत ते नासायचं. कुणी आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायला. जनावरांच्या छावणीवर मुक्कामाला. आणि मागं पाण्याची टाकी जोडून ओढायला. मी ठरावात लिहिलं, 'सर्व कामांस उपयुक्त अशी एक जुनी जीप.' महेबूबभाईनं ऐकलं आणि म्हणाला, "ऐसा जावई बी मिळत न्हाय, सेक्रेटरी."

गुरुजींनी सही करायच्या आधी एकच विचारलं, "टाकी वढंल का?"

वस्तीला स्वतःचं पाणी नव्हतं. वस्तीतल्या बायका गावच्या विहिरीपाशी घागरी ठेवून लांब उभ्या राहायच्या. वरच्या जातीतल्या कुणा बाईला सवड झाली तर ती पोहरा काढून वरून ओतायची, नाही झाली तर नाही. गुरुजींची आई सोजराबाई, सत्तरीची, रोजच्या त्या उभं राहण्यानं पाय सुजलेली. गुरुजींना जीपशी देणंघेणं नव्हतं. त्यांना वस्तीच्या दारात पाणी हवं होतं.

*

पहिली जीप सोलापूरला बघितली. मिलिटरीच्या लिलावातली.

अप्पांनी तिला आधी एक चक्कर मारली. मागच्या चाकावर थाप दिली. बॉनेट उघडायला लावलं आणि बैलाचा जबडा बघावा तसं आत वाकून बघितलं. मग दलालाला म्हणाले, "चालवून दाखवा." दलाल चालवायला लागला तर हे मागून चालत चाकांची चाल बघतायत! गाडी थांबल्यावर त्यांनी आत डोकं घातलं आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला दिसलं.

"बेडा," अप्पा म्हणाले. कानडीत बेडा म्हणजे नको.

"अहो, इंजिन तर बघा," दलाल म्हणाला.

"इंजिन ब्येस आसंल. पर ही डाव्या अंगाला शिकलेली हाय. आशी जित्राबं उजवीकडं जुपली की आडत्यात. म्या जल्मभर बैलं इकलीत."

मिलिटरीच्या जुन्या अमेरिकन गाड्या अशाच असतात हे महेबूबभाईनं सांगून बघितलं. अप्पा ऐकेनात. गुरुजी मागून म्हणाले, "टाकी वढंल का?"

"गुरुजी, हिनं तोफा वढल्यात," महेबूबभाई म्हणाला.

"मग घेऊ की अप्पा," गुरुजी म्हणाले. अप्पा तोवर फाटकाबाहेर गेले होते.

इथपर्यंत सांगितलं की लोक पोट धरून हसतात. पुढचं मी सहसा सांगत नाही. दुसरी गाडी बघायला आम्हाला महिना लागला. त्या महिन्यात वस्तीतल्या लोकांनी ओढ्यातल्या झिऱ्याचं गढूळ पाणी प्यायलं आणि दोन लेकरं हगवणीनं गेली. गुरुजींनी त्यावरून कुणाला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

*

दुसरी जीप उमरग्याच्या एका डॉक्टरांची. जुन्या गाडीच्या बाजारात डॉक्टरची गाडी म्हटलं की माणूस डोळे झाकून घेतो. एकहाती वापर, वेळेवर ऑइल, सीटला खोळी. आम्हीही हरखलो.

महेबूबभाई मागच्या बाजूला शिरला आणि खाली बसून वास घ्यायला लागला. नवं रबर अंथरलं होतं, ते त्यानं उचललं. खाली फिनेलचा भपका. पत्र्याला दोन्हीकडं कड्या जोडलेल्या.

"ह्या कशाला?" त्यानं कंपाउंडरला विचारलं.

कंपाउंडर सरळ माणूस. म्हणाला, "दवाखान्यात कुणी वारलं आन् गावाकडनं गाडी न्हाय आली, तर डॉक्टरसाब हिच्यातनंच पोचवत्यात. खड्ड्यात हलू नये म्हणून बांधावं लागतं."

अप्पा दोन पावलं मागं सरले. मीही सरलो. दुधाचे कॅन तिथं कसे ठेवायचे, कळलं तर आमचं दूध कोण घेईल, असं आम्ही दोघं एकदम बोलायला लागलो. गुरुजी तेवढे जागचे हलले नाहीत.

"टाकी वढंल का, तेवढं सांगा," ते कंपाउंडरला म्हणाले. "जित्या माणसाला पाणी पाजायचंय."

तीही गाडी आम्ही सोडली. पुढं आमच्या स्वतःच्या जीपनं त्याच उन्हाळ्यात तिघांना दवाखान्यातून तसंच घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यातच कॅन चढवले.

*

तिसरी मिळाली ढोकीला. ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या एका मुकादमाची. त्या साली ऊस उभ्यानं वाळला होता, टोळ्यांना काम नव्हतं आणि मुकादमाला जीप नकोशी झाली होती. स्टिअरिंग उजवीकडं होतं, त्यामुळं अप्पांची निम्मी पसंती तिथंच झाली. मागं ट्रॉली जोडायचा हूकही होता.

पण गुरुजींचा आता कुणाच्या शब्दावर विश्वास नव्हता. ते म्हणाले, वजन ओढून दाखवा. टाकी तिथं कुठली असणार? गुरुजींनी मास्तरी हिशोब मांडला. टाकीत पाणी हजार लिटर, म्हणजे हजार किलो. माणशी पन्नास किलो धरले तर वीस माणसं. पालाच्या झोपड्यांत टोळीतली माणसं बसूनच होती. मुकादमानं हाक मारली आणि वीस जण ट्रॉलीत चढले.

जीपनं त्यांना आवारभर फिरवलं, बांधावर चढवलं, खाली आणलं. महेबूबभाई खूश. अप्पा मुकादमाशी बोलायला लागले. गुरुजी मात्र ट्रॉलीतून उतरणाऱ्या माणसांकडं बघत उभे होते. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सेक्रेटरी, आपलं गणित चुकलं. ह्यांच्यातलं चाळीस किलोच्या वर कुणी न्हाय. आणखी पाच बसवा."

पुन्हा सगळे चढले, आणखी पाच जण आले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गुरुजी, वजनासाठी बसवायलाव व्हय आमाला?"

"व्हय, बाबा."

"मग आदी भाकरी चारा की. वजन भरंल."

ट्रॉलीतली माणसं हसली. जीपनं पंचवीसही ओढली आणि सौदा ठरला. परत येताना गुरुजी म्हणाले, त्या म्हाताऱ्याला काहीतरी द्यायला हवं होतं. आम्ही तेव्हा चाळीस मैल पुढं आलो होतो.

*

छावणी गावापासून सहा मैलांवर होती. जीप कडबा घेऊन जायची आणि महेबूबभाई वळणावरूनच हॉर्न द्यायचा. आठवडाभरात जनावरांना तो हॉर्न ओळखू यायला लागला. हॉर्न ऐकला की दीडशे जनावरं एकदम उठून उभी राहायची. बघायला पंचक्रोशीतली माणसं यायची. अप्पा कौतुकानं सांगायचे, "माझ्या बैलाला गाडीची भाषा कळती."

एके दिवशी महेबूबभाईनं हॉर्न वाजवलाच नाही. मी विचारलं, बिघडला का? तो म्हणाला, "हॉर्न ठीक है. काल सतरा जनावरं उटायला गेली आन् पडली. उटायला ताकद लागती, सेक्रेटरी. कायको खर्च कराना?"

तेव्हापासून ती जीप छावणीत गुपचूप शिरायची.

*

टाकी अखेर तयार झाली. जुन्या ट्रॉलीच्या दोन चाकांवर पत्र्याची टाकी. पाणी आणायचं आठ मैलांवरच्या तलावातून. प्रश्न एकच, ते ओतायचं कुठं? त्या काळची सगळीकडची रीत म्हणजे टँकर गावच्या विहिरीत रिकामा करायचा आणि लोकांनी शेंदून घ्यायचं. कमिटीनं तेच ठरवलं. म्हणजे सोजराबाईंनी पुन्हा घागर ठेवून लांबच उभं राहायचं. गुरुजींनी वाद घातला नाही. उमरग्याला जाऊन ते एक पितळी तोटी घेऊन आले आणि टाकीला बसवून घेतली.

गावात येणारी वाट खाली वस्तीपासून निघते आणि दोन दगडी बांधांमधून चढ चढून वेशीत येते. पहिल्याच दिवशी भरली टाकी घेऊन जीप चढाला लागली, चार हात गेली आणि बंद पडली. महेबूबभाई खाली उतरून म्हणाला, "न्हाय चढत. वज्जं कमी करा." अर्धी टाकी वस्तीतल्या पिंपांत सोडली. मग जीप वर गेली आणि उरलेलं पाणी विहिरीत पडलं.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्याही दिवशी तेच.

चौथ्या दिवशी मी महेबूबभाईच्या शेजारी बसलो होतो. मला गाडी चालवता येत नाही, पण चढाला लागताना तिसरा गिअर टाकत नाहीत एवढं कळतं. मी त्याच्याकडं बघितलं. तो समोर बघत होता. मी प्रोसिडिंगला लिहिलं, 'भरल्या टाकीसह गाडी चढ चढत नाही.' अप्पांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि सही केली.

*

हे फार दिवस चालणार नव्हतं. वरच्या लोकांची कुरकुर सुरू झाली, निम्मं पाणी खालीच मुरतंय म्हणून. इतर डायरेक्टरांनी तोड काढली. चढाखाली जीपच्या पुढं बैल जुंपायचे आणि भरली टाकी तशीच वर न्यायची. अप्पांनी आधी नको म्हटलं. पण चेअरमनच बैल देईना असं लोक बोलायला लागल्यावर त्यांनी आपली जोडी छावणीवरून आणवली.

दोन दिवस बैलांनी टाकी वर नेली. दोन दिवस वस्तीची पिंपं कोरडी राहिली. तिसऱ्या दिवशी मधल्या चढावर एक बैल बसला आणि बसल्या जागीच गेला.

वाट अरुंद, बैल आडवा. जीप मागं घेऊन वस्तीपाशी लावली. आता बैल ओढायचा कुणी? वरच्यांपैकी कुणी हात लावेना. वस्तीला निरोप गेला. गुरुजी खालूनच म्हणाले, "ते काम आमी सोडलं तवा म्या शाळेत होतो. आता मास्तर झालोय."

बैलाचं पुढं काय झालं ते सांगून टाकतो. तिसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतः त्याच्या पायाला साखळी बांधली आणि जीपनं तो ओढून नेला. अप्पा रडत होते. पण मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या दिवसाचं.

दोन दिवस वाट बंद होती. महेबूबभाई पाणी आणायचा आणि सगळी टाकी वस्तीत उभी राहायची. विहिरीनं तळ गाठला. दुसऱ्या दिवशी दुपारी, नाकाला पदर लावून, बैलाच्या कडेनं वरच्या बायका घागरी घेऊन खाली उतरल्या. अकरा जणी होत्या. टाकीपासून पाच-सात हातांवर त्यांनी घागरी मांडल्या आणि उभ्या राहिल्या. कुणीतरी ओतून देईल म्हणून.

टाकीजवळ सोजराबाई बसल्या होत्या. मी जीपपाशी होतो. शेवटी अप्पांची बायको गौराक्का म्हणाली, "सोजरे, वत की जरा."

"अक्का, इतं कुणी कुणाला वरनं वतत न्हाय," सोजराबाई म्हणाल्या. "तोटी हाय. आमी लावतो त्योच हात तुमी लावा. पायजे तेवडं घ्या."

गौराक्कानं घागर उचलली, पुढं झाली आणि तोटी सोडली. तिच्यामागून आणखी तिघी गेल्या. उरलेल्या सात जणी रिकाम्या घागरी घेऊन, बैलाच्या कडेनं, चढ चढून वर निघून गेल्या. त्यातली तिसरी माझी बायको होती.