चार बोटं पानथरी

युद्धाची वर्षं होती. तापावरचं औषध कोयनेल कुठेच मिळेनासं झालं होतं, आणि कालव्याकाठच्या आमच्या गावात हिवतापाने घरोघर मुक्काम ठोकला होता. मी देवीची लस टोचणारा. लोक मला देवी डॉक्टर म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

कोणत्या गावांना कोयनेल द्यावं याचा सल्ला सरकारला देण्यासाठी पुण्याहून एक तज्ज्ञ डॉक्टर आले. हिवतापाने पोरांची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते. म्हणून ते प्रत्येक पोराच्या डाव्या बरगडीखाली चाचपून, ती किती बोटं खाली आली ते वहीत लिहीत. शाळेत रांग लागली. तेल चोपडलेली, काजळ घातलेली, दिवाळीच्या टोप्या चढवलेली पोरं, सगळी एकजात गुटगुटीत! दुपारी डॉक्टरांनी वही मिटली. "तुमचं गाव ठणठणीत आहे. इथे कोयनेलची गरज दिसत नाही."

माझं डोकंच फिरलं. टोचलेल्या प्रत्येक पोराचं नाव माझ्या नोंदवहीत होतं. ताडून पाहिलं, तर निम्मी पोरं आलीच नव्हती. मोठा साहेब येणार म्हणून आयांनी चांगली तेवढी पुढे केली होती, पाहुण्यांपुढे ठेवणीतली भांडी काढतात तशी. तापाने फणफणलेली, पोट सुटलेली पोरं घरातच.

"साहेब, आलेली तपासलीत. न आलेल्यांचं काय?" मी तावातावाने विचारलं.

"एक तरी दाखवा," ते म्हणाले.

मी तरातरा निघालो आणि निम्म्या वाटेत थबकलो. रांगेत माझा थोरला होता. धाकटी नव्हती. सकाळी तिला मागे ठेवलेलं मी पाहिलं होतं आणि गप्प बसलो होतो. आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

ती गोधडीखाली कुडकुडत होती. बायको दारात आडवी आली. "अवं, साहेबाम्होरं असली पोर न्हेता व्हय? देवी डॉक्टरच्या घरात ही गत, म्हनतील लोक!"

"म्हनू दे," मी म्हणालो आणि पोरीला उचललं.

भर चावडीवरून, काही न झाकता, तिला शाळेत नेलं. डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवला. चार बोटं! त्यांनी सकाळच्या पानावर आडवी रेघ मारली. "चूक माझी. समोर येतील तेवढ्यांवरून गाव ठरवायला नको होतं. घरोघर जाऊ. नोंदवही घ्या आणि पुढे चला."

मी पुढे आणि पुण्याचे डॉक्टर मागे! पण पहिल्या दोन घरांनी दार किलकिलं करून "पोरं गावाला गेल्यात" म्हणून सांगितलं. तेवढ्यात मागून, पोरीला कडेवर घेऊन आलेल्या माझ्या बायकोचा खणखणीत आवाज आला. "काडा गं पोरं भाईर! माजी दावली म्या. लाज कसली?"

मग काय विचारता! "तिची तीन बोटं, तर माज्याची पाच हाईत, नीट बगा की," म्हणून आया भांडू लागल्या. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांची वही भरली.

कोयनेल आलं. यादीत पहिलं नाव माझ्या धाकटीचं होतं. शेवटची कडू गोळी द्यायच्या दिवशी ती हात सोडवून जी पळाली, ती मला गल्लीच्या टोकापर्यंत सापडली नाही. धापा टाकत मी मोठमोठ्याने हसत होतो, आणि दारादारांतून आया ओरडत होत्या, "पळ गं पोरी, पळ!"