जुन्या शर्टाचं टोपडं

माझी लेक सुटीत दुबईतल्या एका लहानशा खासगी संग्रहालयात लोकांना माहिती सांगते, हे मी नातेवाइकांत इतकं मिरवलं होतं की शेवटी स्वतः जाऊन बघणं भाग पडलं. हिटलरच्या काळात मारल्या गेलेल्या ज्यूंच्या वस्तू तिथे मांडल्या होत्या. खोली अरुंद, खिडकी नाही, मागे शाळेतल्या पोरांची रांग. पुढे सरकत राहायचं, एवढंच आपल्या हातात.

एका काचेआड तान्ह्या बाळाचं टोपडं होतं, बापाच्या जुन्या शर्टाचं शिवलेलं. मला आनंदच झाला. आपल्याकडेही बाळाच्या अंगाला पहिल्यांदा नवं लावत नाहीत. वापरून मऊ झालेलं घालतात, म्हणजे आयुष्य वाढतं. मी हसून, चांगलं मोठ्यानं म्हटलं, "अगं, यांच्याकडेही जुन्याचंच घालतात की."

"आई, प्लीज," लेक पुटपुटली. "दे हॅड नथिंग एल्स."

मग तिनं सगळ्यांना सांगितलं. बापाला आधीच पकडून नेलं होतं. आई बाळाला घेऊन ओळखीच्यांच्या माळ्यावर लपली होती आणि खाली लोकांची ये-जा असायची. बाळ रडलं की सगळे सापडणार.

मला पुढे सरकता येईना. ही माझी लेक जन्मली तेव्हा मंदीनं नवऱ्याची नोकरी खाल्ली होती. इथल्याच इंटरनॅशनल सिटी नावाच्या स्वस्त वस्तीत एका फ्लॅटमध्ये प्लायवूडच्या पार्टिशनआड आम्ही राहायचो, तेही चोरून, कारण तिथे कुटुंब ठेवायची परवानगी नव्हती. ही रडली की नवरा टीव्ही मोठा करायचा. पलीकडचा भाडेकरू म्हणायचा, "भाभी, चुप कराओ, चेकिंग आया तो खलास." पण आमचं खलास म्हणजे फार तर मुंबईचं विमान. त्या बाईच्या दुःखाच्या पासंगालाही आम्ही पुरणार नाही, हे मला कळत होतं.

"बाळ वाचलं का गं?" मी विचारलं.

"द मदर सर्व्हाइव्ह्ड," ती म्हणाली. "शी केप्ट द कॅप."

मी काचेआडच्या टोपड्याकडे पुन्हा पाहिलं.

मागची पोरं ढकलत होती. पार्टिशनआडचे ते दिवस लेकीला आमच्याकडून ऐकून माहीत होते; ती माझ्याजवळ आली आणि तिनं कधी नव्हे ते मराठीत विचारलं, "आई, मी रडायचे का?"

"खूप," मी म्हटलं. "चांगलं भोकाड पसरायचीस."